फुलण्याचा निरोप पानातून निघतो

वसई-दिवा रेल्वेमार्गावरचं कामण हे तुंगारेश्वरच्या डोंगराचा पायथा आणि खाडीकडची सखल जमीन यांच्या मधलं गाव. अशा गावात भाताची सगळी शेतं सारखी नसतात. उताराच्या, पाणी लवकर ओसरणाऱ्या जमिनीत हळवं भात लावतात. पाऊस संपल्यावरही जिथे ओल टिकते, त्या खोलगट खाचरांत गरवं. मधल्या जागी निमगरवं. राब भाजणं, पेरणी, आवण उपटून लावणी ही कामं बहुतेक एकाच काळात उरकतात. तरीही हळवं भात गणपतीच्या सुमारास निसवतं आणि गरवं थेट नवरात्र-दसऱ्याच्या आसपास. पाऊस तोच, ऊनही तेच. मग एक रोप दुसऱ्याच्या महिनाभर आधी लोंबी का टाकतं?

उत्तर जनुकांत आहे, एवढं आज शाळेतली मुलंही सांगतील. पण खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. भाताच्या मुळात, पानात, खोडात, जवळपास प्रत्येक जिवंत पेशीत तीच जनुकं असतात. भाताचा जनुकसंच २००५ मध्ये अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून वाचून पूर्ण केला. त्यात अकराव्या गुणसूत्राचा एक भाग भारतीय शास्त्रज्ञांनी वाचला होता. भातात सुमारे ३७ हजार जनुकं असावीत, असा अंदाज तेव्हा निघाला. फुलोरा आणणारी जनुकं यातलीच, आणि ती मुळाच्या पेशीतही असतात. पण मूळ कधी फुलत नाही. म्हणजे जनुक असणं पुरेसं नाही. ते कुठल्या ऊतीत, कुठल्या वेळी जागं होतं यावर सगळं ठरतं. वनस्पतीचं फुलणं समजून घ्यायचं तर ही जागांची वाटणी समजून घ्यावी लागते.

पान रात्र मोजतं

भाताच्या आयुष्याचे तीन टप्पे पडतात. रुजण्यापासून लोंबीचा पहिला अंकुर धरेपर्यंतचा वाढीचा काळ, तिथून निसवेपर्यंतचा पोटरीचा काळ आणि मग दाणा भरून पिकण्याचा काळ. उष्ण प्रदेशात दुसरा टप्पा साधारण ३५ दिवसांचा आणि तिसरा साधारण ३० दिवसांचा असतो. वाण बदलला तरी या दोन्हींत फारसा फरक पडत नाही. हळवं भात ११५ दिवसांच्या आत आणि गरवं १४० दिवसांच्या पुढे जातं, तो फरक जवळपास सगळा पहिल्या टप्प्यातला. हळवं रोप ‘आता पुरे’ असं लवकर ठरवतं, गरवं उशिरा. हा निर्णय घेण्यासाठी रोपाला ऋतू कळावा लागतो आणि ऋतूची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे दिवस-रात्रीची लांबी. पाऊस मागेपुढे होतो, ऊन ढगाआड जातं, पण २१ जूनचा दिवस दरवर्षी तेवढाच लांब असतो.

वसईच्या अक्षांशावर जूनच्या शेवटी दिवस सव्वातेरा तासांच्या थोडा वर असतो आणि सप्टेंबरच्या शेवटी बारा तासांच्या जवळ येतो. तीन महिन्यांत फरक पडतो तो तास-सव्वातासाचा, म्हणजे दिवसाला सरासरी एका मिनिटापेक्षाही कमी. भात हा लहान दिवसांना फुलणारा. दिवस आखडू लागले की त्याला फुलण्याची वेळ कळते. दिवसाच्या लांबीतला केवळ अर्ध्या तासाचा फरक ओळखून भाताचं फुलोऱ्याचं जनुक चालू किंवा बंद होतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं. पारंपरिक गरव्या वाणांपैकी अनेकांत ही जाण तीव्र असते. म्हणून पेरणी दोन आठवडे पुढे गेली तरी ती निसवायची आपली वेळ फारशी सोडत नाहीत. हळव्या वाणांत ही जाण मंद असते. ती ठरावीक दिवस वाढतात आणि फुलोऱ्यावर येतात.

ही मोजणी करतं पान. पानाच्या पेशींत फायटोक्रोम नावाची प्रकाश ओळखणारी प्रथिनं असतात आणि सुमारे २४ तासांच्या लयीत चढउतार करणारी जनुकंही असतात. ही आतली लय आणि बाहेरचा प्रकाश यांचा मेळ जसा बसतो, त्यावरून पानाला रात्र किती मोठी झाली ते कळतं. मोजली जाते ती रात्रच, हे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यांनी प्रयोगासाठी घेतलेलं झुडूप आपल्याकडच्या पडीक जमिनीवरही भरपूर वाढतं. चालताना कपड्यांना काटेरी बोंडं चिकटवणारं शंकेश्वर ते हेच. लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटं उजेड दिला तरी ते फुलायचं थांबलं. उलट, एकाच पानाला एकच पुरेशी लांब रात्र मिळाली तरी सगळं झुडूप फुलोऱ्यावर आलं.

रात्रीचा उजेड भातातही हेच करतो. काळोख मध्येच तुटला की फुलोऱ्याचं जनुक दबतं आणि निसवण लांबते. दिव्याच्या खांबाजवळचं भात शेजारच्या खाचरापेक्षा उशिरा निसवताना दिसलं, तर खत किंवा बियाणं यांना दोष देण्याआधी रात्री त्या खाचरावर किती उजेड पडतो ते पाहावं. कामण-भिवंडी पट्ट्यात रस्ते आणि गोदामं खाचरांच्या कडेपर्यंत येऊन ठेपली आहेत. तिथे दिव्याचा झोत शेताकडे न वळवणं हीसुद्धा पिकाची काळजीच आहे.

निरोप्याचा शोध

पान मोजतं, पण लोंबी पानातून निघत नाही. कोवळ्या भाताचं वाढीचं टोक बुंध्याशी, जमिनीलगत, पानांच्या आवरणांच्या आत दडलेलं असतं. सुईच्या अग्राहून लहान असा हा पेशींचा पुंजका. तिथूनच नवी पानं निघतात आणि वेळ आली की तिथेच लोंबी धरते. म्हणजे वर हवेत असलेल्या पानाने मोजलेलं तळाशी असलेल्या टोकाला कळायला हवं.

असा निरोप खरोखर जातो, हे १९३० च्या दशकात मिखाइल चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने शेवंतीवर दाखवलं. शेवंतीही लहान दिवसांची. त्यांनी झाडाचा शेंडा पानं काढून लांब दिवसात ठेवला आणि खालच्या पानांना लहान दिवस दिले. शेंडा फुलला. उलट केल्यावर, म्हणजे शेंड्याला लहान दिवस आणि पानांना लांब दिवस दिल्यावर, तो फुलला नाही. पानातून शेंड्याकडे जाणाऱ्या या अज्ञात द्रव्याला त्यांनी ‘फ्लोरिजेन’ म्हटलं. फुललेल्या झाडाची फांदी न फुललेल्यावर कलम केली की दुसरंही फुलतं, असे प्रयोग पुढे अनेक झाले. पण ते द्रव्य काही हाती लागेना. संप्रेरकं तपासली, पानांचे अर्क काढले, दशकं गेली.

वाट मिळाली ती मोहरीच्या कुळातल्या एका इवल्याशा तणातून. ॲराबिडॉप्सिस हे त्याचं नाव. जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी १९९९ मध्ये त्यात ‘एफटी’ नावाचं जनुक ओळखलं. हे जनुक बिघडलं की झाड उशिरा फुले, जास्त चाललं की लवकर. भातातलं त्याचं भावंड ‘एचडी३ए’. मग वाद उभा राहिला की पानातून निघतं काय? जनुकाची आरएनए प्रत की तिच्यावरून तयार झालेलं प्रथिन? आरएनएच प्रवास करतं, असा एका युरोपीय गटाचा शोधनिबंध २००५ मध्ये गाजला, पण दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला. त्याच २००७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात दोन निबंध एकत्र आले. एक कोलोनच्या जॉर्ज कूपलंड यांच्या गटाचा, ॲराबिडॉप्सिसवरचा. दुसरा जपानमधल्या नारा इथल्या को शिमामोतो यांच्या गटाचा, भातावरचा. शिमामोतोंच्या गटाने एचडी३ए प्रथिनाला हिरवं चमकणारं दुसरं प्रथिन जोडलं आणि त्याचा माग काढला. पानात बनलेलं प्रथिन पानाच्या शिरांतून, खोडातून वाढीच्या टोकापर्यंत पोचलेलं दिसलं. चैलाख्यान यांच्या फ्लोरिजेनला जवळपास सत्तर वर्षांनी शरीर मिळालं. ॲराबिडॉप्सिसमधलं हे प्रथिन केवळ १७५ अमिनो आम्लांचं आहे.

एकच जनुक, वेगवेगळ्या ऊती

हे प्रथिन पानाच्या सगळ्या पेशींत बनत नाही. पानाच्या शिरांत साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या असतात. त्यांच्या नळ्यांना स्वतःचं केंद्रक नसतं, म्हणून त्यांच्या शेजारच्या सहपेशी त्यांचं पोषण करतात. एफटी जनुक जागं होतं ते मुख्यतः या सहपेशींत. तिथून प्रथिन नळीत उतरतं आणि साखरेच्या प्रवाहासोबत टोकाकडे जातं. सहपेशीतून नळीत उतरायलाही मदत लागते. त्या कामाचं एक प्रथिन सिंगापूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये शोधलं.

जागेचं महत्त्व किती, हे एका प्रयोगमालिकेतून स्पष्ट होतं. ॲराबिडॉप्सिसमध्ये एफटीला जागं करणारं दुसरं एक जनुक आहे, ‘सीओ’. शास्त्रज्ञांनी सीओ मुद्दाम फक्त सहपेशींत चालू केलं, तेव्हा झाड फुललं. तेच वाढीच्या टोकात चालू केलं, तर काहीच घडलं नाही. एफटी मात्र थेट टोकात चालू केलं तरी झाड फुललं. म्हणजे मोजणी आणि हुकूम ही पानाची कामं, आणि हुकूम मिळाल्यावर करायचं ते टोकाचं. प्रत्येक जनुकाला आपल्या जागीच अर्थ आहे.

इतर ऊतींत हे जनुक गप्प कसं राहतं? डीएनएचा धागा पेशीत मोकळा पडलेला नसतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. पॉलिकोंब गटातली प्रथिनं काही हिस्टोनांवर एक रासायनिक खूण लावतात. ती लागली की तो भाग घट्ट वळला जातो आणि तिथलं जनुक वाचलं जात नाही. एफटीवर बहुतेक ऊतींत अशी खूण असते. योग्य लांबीचा दिवस आल्यावर सहपेशीत तिचा जोर ओसरतो आणि जनुक वाचलं जाऊ लागतं. पेशीचं विभाजन होताना या खुणाही पुढे जातात, म्हणून ऊती आपली ओळख विसरत नाहीत.

टोकात पोचलेलं फ्लोरिजेन एकटं काम करत नाही. भातात एचडी३ए आधी पेशीतल्या ‘१४-३-३’ गटातल्या प्रथिनाला चिकटतं. मग ही जोडी टोकातच असणाऱ्या ‘एफडी’ प्रथिनाशी बांधली जाते. हे त्रिकूट २०११ मध्ये शिमामोतोंच्या सहकाऱ्यांनीच उलगडलं. हे एकत्र आल्यावर पान बनवणारं टोक लोंबी बनवू लागतं. एफडी प्रथिन टोकात भरपूर आणि पानात नगण्य. त्यामुळे पानात भरपूर फ्लोरिजेन असूनही पान फुलत नाही.

पुढची पायरी फुलाचे भाग पाडण्याची. इंग्लंडमधले एन्रिको कोएन आणि अमेरिकेतले इलियट मायरोविट्झ यांनी १९९१ मध्ये त्याचा नियम मांडला. कळीच्या वर्तुळांत जनुकांचे तीन गट एकमेकांवर पसरलेले असतात. बाहेरच्या वर्तुळात पहिला गट एकटा, तिथे निदलं. पहिला-दुसरा एकत्र आले की पाकळ्या. दुसरा-तिसरा मिळाले की पुंकेसर. मधोमध तिसरा एकटा, तिथे स्त्रीकेसर. पहिला आणि तिसरा गट एकमेकांना दाबून ठेवतात. तिसरा गट दुबळा पडला तर पुंकेसरांच्या जागीही पाकळ्याच येतात. अंगणातल्या दुहेरी जास्वंदीत पाकळ्यांची गर्दी होते ती याच धर्तीवर. वसईच्या फुलबागांतून शहरात जाणाऱ्या मोगऱ्याच्या दाट पाकळ्यांच्या जातीही फुलाच्या भागांच्या अशाच फेरवाटणीतून आलेल्या असतात.

आंबा, कांदा आणि कारवी

भातात एक टोक एकदाच निर्णय घेतं. आंब्यात मात्र प्रत्येक डहाळीचं टोक स्वतंत्र ठरवतं. म्हणूनच एकाच झाडावर एका बाजूला मोहोर आणि दुसऱ्या बाजूला तांबूस पालवी दिसते. आंब्याला दिवसाच्या लांबीपेक्षा थंडीची जाण जास्त. रात्री गार झाल्या की जून झालेल्या पानांकडून टोकांना मोहोराचा निरोप जातो. कोवळ्या पालवीत जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक भरपूर असतं आणि ते मोहोराच्या आड येतं. ऐन थंडीआधी पाऊस रेंगाळला, पालवी फुटली, की मोहोर कमी येतो, त्यामागचं एक मोठं कारण हेच. कोकणातले बागायतदार पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती जे कल्टार घालतात, त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल झाडात जिबरेलिन तयार होऊ देत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हापूससाठी या औषधाची मात्रा आणि वेळ ठरवून दिली. टोकातला अडथळा काढायचा आणि पानाच्या निरोपाला वाट मोकळी करायची, हे त्या औषधाचं काम.

कलमाचं गुपितही ऊतीतच आहे. कोयीपासून वाढलेल्या रायवळ आंब्याला मोहोर यायला पाच-सात वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. कलम तीन-चार वर्षांतच मोहोरतं. अभ्यासलेल्या अनेक वनस्पतींच्या कोवळ्या वयात ‘एमआयआर१५६’ नावाचा इवला आरएनए भरपूर असतो आणि तो फुलोऱ्याची जनुकं दाबून ठेवतो. वय वाढतं तसं त्याचं प्रमाण घटतं. कलमाची काडी प्रौढ झाडाची असते. तिच्या पेशी ते वय सोबत घेऊनच नव्या खुंटावर येतात.

एफटीच्या कुटुंबातली जनुकं दुसऱ्या ऊतीत भलतीच कामं करतात. बटाट्यात एफटीचं एक भावंड पानात बनतं, जमिनीखालच्या खोडाच्या टोकाशी जातं आणि तिथे फुलाऐवजी बटाटा धरतो. कांद्यात या कुटुंबातल्या वेगवेगळ्या सदस्यांची वाटणी आहे. २०१३ च्या संशोधनानुसार एक कांदा पोसतो, दुसरा त्याला अडवतो आणि तिसरा फुलोरा आणतो. लासलगाव भागातले शेतकरी ज्याला डेंगळे म्हणतात, तो फुलोऱ्याचा दांडा थंडी जास्त काळ लागली की निघतो आणि कांदा पोसायचा राहतो. हा दांडा म्हणजे त्याच जनुककुटुंबाने घेतलेला वेगळा निर्णय. फणसाला मादी फुलोरे थेट जुन्या खोडावर येतात, उंबराला फळं बुंध्यापर्यंत लगडतात. सालीखाली दडलेल्या टोकांनाही फुलायचं केव्हा ते कळतं, याची ही उघड खूण.

आणि सह्याद्रीतली कारवी तर वर्षं मोजते. मुंबई-ठाण्याच्या डोंगरांत ती २०१६ मध्ये फुलली आणि आठ वर्षांनी २०२४ मध्ये पुन्हा. वारली आणि कातकरी घरांच्या कुडाच्या भिंतींना जिच्या काठ्या लागतात, तीच ही. एकाच वेळी डोंगर निळा-जांभळा होतो, बी धरतं आणि फुललेली झुडपं मरून जातात. सात वर्षं दबलेली फुलोऱ्याची जनुकं आठव्या वर्षी सगळ्या डोंगरभर एकदम कशी सुटतात, हे कोडं अजून शिल्लक आहे. दिवसाची लांबी तर दरवर्षी तीच येते. कारवीचं उत्तर सापडलं तर वनस्पतीच्या स्मरणाबद्दल नवं काही कळेल. त्यासाठी आपले डोंगर कारवीसकट उभे राहायला हवेत.

बियाण्यातलं घड्याळ

१९६६ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर८ हा वाण दिला. तो आणि त्यानंतरचे अनेक सुधारित वाण दिवसाच्या लांबीकडे फारसं लक्ष देत नाहीत. त्यामुळे ते कुठल्याही हंगामात, कितीतरी अक्षांशांवर घेता येतात आणि करोडो लोकांचं पोट त्यांनी भरलं. त्यांचं मोल निर्विवाद आहे. पण या वाटेवर आपण एक गोष्ट हातची घालवतो आहोत. गरव्या देशी वाणाच्या पानातली रात्र मोजण्याची जनुकं त्या गावाच्या अक्षांशाला, पावसाच्या माघारीला आणि खाचरात टिकणाऱ्या ओलीला जुळून आलेली असतात. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी त्याच खाचरातल्या चांगल्या लोंब्या बियाण्याला राखल्या, तेव्हा त्यांनी निवडली ती ही जनुकंच. शेताचं नाव, वाणाचं नाव आणि पेरणीची वेळ एकत्र सांगणारं हे ज्ञान प्रयोगशाळेत नव्याने तयार करता येत नाही.

पावसाची सुरुवात आणि माघार दोन्ही बेभरवशाची होत असताना कुठल्या वाणाचं पान किती लांब रात्रीला जागं होतं, याची नोंद फार मोलाची ठरेल. लागवड लांबली तरी वेळेवर निसवणारा गरवा वाण एखाद्या वर्षी पीक वाचवू शकतो. पाऊस लवकर आवरला तर हळवा. नवा वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञालाही शेवटी याच जनुकांचं भांडार लागतं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणी जपून ठेवली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ते काम प्रत्येक तालुक्यात व्हायला हवं. वसई तालुक्यातल्या ज्या घरांत अजून हळव्या-गरव्याची जुनी नावं आठवणारी माणसं आहेत, तिथे ती नावं, निसवण्याची तिथी आणि खाचराची जागा आजच लिहून ठेवावी आणि मूठभर बी वेगळं राखावं. भाताचं पान रात्र मोजायला हजारो वर्षांत शिकलं आहे. ते ज्ञान पुढच्या हंगामापर्यंत पोचवणं आपल्या हातात आहे.